दहाव्या वर्षी स्वतःच्या सहीचे खाते

घरातील पैशाची बोलणी मुले झोपल्यावर करावयाची, ही अनेक कुटुंबांतील जुनी रीत आहे. किराण्याची उधारी, औषधाचा खर्च, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता यांपैकी काहीही मुलांच्या कानांवर पडू नये, अशी काळजी घेतली जाते. हेतू चांगला असतो. परंतु त्याचा परिणाम पुढे दिसतो. बारावीनंतर शिक्षणासाठी शहरात आलेला मुलगा महिन्याचे पैसे पहिल्या दहा दिवसांत संपवतो आणि उरलेले वीस दिवस उसनवारीवर काढतो. त्याला उधळ्या म्हणणे सोपे आहे. वस्तुतः हा विषय त्याला कोणी शिकविलेलाच नसतो.

कायद्याने या बाबतीत एक विचारपूर्वक रेषा आखलेली आहे. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये अज्ञान व्यक्तीस, म्हणजे सर्वसाधारणपणे अठरा वर्षांखालील मुलास, करार करता येत नाही. साहजिकच त्याला कर्जही काढता येत नाही. बचतीचे दार मात्र त्याला बंद नाही. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास पोस्टाच्या बचत बँकेत स्वतःच्या नावे व स्वतःच्या सहीने खाते चालविता येते. ते ५०० रुपये भरून उघडता येते. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने ६ मे २०१४ च्या परिपत्रकाने अशीच मुभा दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये सुधारित सूचना काढल्या. रकमेची मर्यादा व इतर अटी प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरविते. परंतु अशा खात्यातून शिलकेपेक्षा अधिक रक्कम कोणत्याही परिस्थितीत काढू दिली जात नाही. शिल्लक असेल तेवढेच खर्चावयाचे, हा धडा त्या खात्यातच अंतर्भूत आहे.

ही कल्पना नवी नाही. अल्पबचत चळवळीच्या काळात अनेक शाळांतून ‘संचयिका’ चालत. रोखपाल विद्यार्थी, वही लिहिणारेही विद्यार्थी आणि देखरेख शिक्षकांची. जमा होणारी रक्कम किरकोळच असे. पण चौथ्या तासाच्या सुट्टीत रांगेत उभे राहून दोन रुपये भरणाऱ्या आणि पासबुकावरची नोंद तपासून घेणाऱ्या मुलास हिशेबाची जी शिस्त लागे, ती गणिताच्या पुस्तकातून लागत नसे.

आज अडचण निराळी आहे. पैसा दिसेनासा झाला आहे. वाण्याला शंभराची नोट देऊन सुटे परत मोजून घेणारे मूल पैसा कमी होताना डोळ्यांनी पाहत असे. मोबाइलवरून चौकोनी खूण टिपून पैसे देणाऱ्या वडिलांकडे पाहणाऱ्या मुलास फोन हा न आटणारा रांजण वाटला, तर नवल नाही. म्हणूनच लहान वयात नाणी व नोटा हाताळणे, आठवड्याची ठरावीक रक्कम हाती देणे आणि ती संपल्यास पुढील आठवड्यापर्यंत दुसरी न देणे आवश्यक ठरते. यातील शेवटची गोष्ट पालकांनाच अधिक जड जाते. वीस रुपयांची चूक दहाव्या वर्षी झालेली बरी. तीच विसाव्या वर्षी वीस हजारांची होते.

शेतकरी कुटुंबात दर आठवड्याला खाऊचे पैसे मिळणे शक्य नसते, कारण उत्पन्नच हंगामी असते. पण अशा घरांत शिकण्याची साधने अधिक आहेत. ज्या गावात दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते, तेथे त्या चिठ्ठीएवढे उत्तम पाठ्यपुस्तक नाही. लिटर किती, फॅट किती, दर काय, पेंडीचे किती कापले, हाती किती उरले, हे सातवीतल्या मुलीने वाचून वहीत मांडावे. गाय भाकड झाली की त्या रकमेचे काय होते, हेही तिला त्याच वहीत दिसते.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून बाल आनंद मेळाव्यात मुलांचा बाजार भरतो. मुले मेथीच्या जुड्या, भेळ, लिंबे घेऊन बसतात. गल्ल्यात तीनशे रुपये जमले की नफा तीनशे झाला, असे त्यांना वाटते. शिक्षकाने तेथे थांबून विचारावे, की चुरमुरे, फरसाण, कांदे कितीचे आणले? आईने दोन तास कांदा चिरला, त्याची मजुरी कोणत्या रकान्यात लिहिली? बाजारातील खरा तास या प्रश्नांनी सुरू होतो.

किशोरवयात व्याजाचे गणित घ्यावे. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपये भरले, तर एकूण ६,००० रुपये जातात; ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या वार्षिक ६.७ टक्के दराने अखेरीस सुमारे ७,१३६ रुपये मिळतात. याच्या शेजारी सावकाराचे ‘शेकडा तीन’ मांडावे. तीन हा आकडा लहान वाटतो. पण तो दरमहाचा असतो, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. हजार रुपयांवर वर्षाअखेर नुसते व्याजच ३६० रुपये. ‘दरमहा’ आणि ‘दरसाल’ यांतील फरक न कळल्याने मोठी माणसेही फसली आहेत.

याच वयात फसवणुकीची ओळखही हवी. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच टाकावा लागत नाही, एवढे एक वाक्य पाठ असले तरी बरेच नुकसान टळते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. तरीही मुलगा गुंतला किंवा फसला, तर त्याने घरी सांगण्याचे धैर्य करावे, इतके घर मोकळे असले पाहिजे. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर तत्काळ नोंदविता येते आणि तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो. रागावणे नंतरही होऊ शकते.

खाते उघडताना मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा लागतो. इतर कागदपत्रांची माहिती जवळच्या पोस्टात वा बँकेत विचारून घ्यावी. मुलाला बरोबर न्यावे, अर्ज त्यालाच भरू द्यावा, खाडाखोड झाली तर दुसरा कागद मागावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बँक त्याची नमुना सही नव्याने घेते. दहाव्या वर्षीची वेडीवाकडी सही तोपर्यंत बहुधा बदललेली असते.