कांद्याचे अनुदान

कांदा स्वस्त झाला की आपण नाशिककर पिशवी भरून घरी येतो, आणि शेतकऱ्यांना अनुदान जाहीर झाले की कराच्या पैशाचा हिशेब विचारतो. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. आमच्या सभासदांच्या तोंडूनही हा प्रश्न आम्ही ऐकला आहे. प्रश्न रास्त आहे. तेव्हा तो हिशेब मांडूनच पाहू.

आपल्या जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम: पोळ, रांगडा आणि उन्हाळ. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. पोळ व रांगडा हे लाल कांदे टिकत नाहीत. काढले की मिळेल त्या भावाने विकावे लागतात. शिवाय केंद्र सरकार ज्या पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करते, त्यांत कांदा नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत रांगडा एकदम बाजारात आला आणि भाव कोसळले. मार्चमध्ये दिंडोरीहून शेतकरी पायी मुंबईकडे निघाले. क्विंटलला ६०० रुपये अनुदान ही त्यांची एक मागणी होती. सरकारने आधी ३०० व मग ३५० रुपये मान्य केले.

म्हणजे किलोला साडेतीन रुपये. तेही १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला, आणि एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंतच. म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. त्यासाठी विक्रीपट्टी हवी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पट्टी मुलाच्या नावे व सातबारा बापाच्या नावे असेल तर शपथपत्र हवे, आणि पैसे सातबारा ज्याच्या नावे त्याच्याच खात्यात. मग वाट्याने जमीन कसणाऱ्याचे काय? कांदा कापणाऱ्या मजूर बाईचे आणि गोण्या उचलणाऱ्या हमालाचे काय? त्यांच्यासाठी या योजनेत रकानाच नव्हता. ज्यांना मिळाले, त्यांच्या खात्यातही पहिली रक्कम पडायला सप्टेंबर उजाडला. तोवर पुढच्या हंगामाचे बी-खत उधारीवर आणून झाले होते.

ही झाली देण्याची बाजू. आता घेण्याची पाहा. त्याच वर्षी भाव वर जाऊ लागताच केंद्राने १९ ऑगस्टला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले, आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी; शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ रोजी. भाव पडला तर तो बाजाराचा नियम, आणि चढला तर सरकारचा हात, असा हा न्याय आहे. शहराला कांदा स्वस्त मिळावा म्हणून शेतकऱ्याने जे सोसले, त्याची पावती कोणी फाडत नाही. अनुदानाची मात्र जाहिरात होते.

कामगाराने यात कोणती बाजू घ्यावी? कांदा महागला तर आमच्या घरची चूलही जड जाते, हे आम्ही नाकारीत नाही. पण महागाईवर कामगाराने उत्तर शोधले ते भत्त्याचे. निर्देशांक चढला की भत्ता चढतो. त्याचा नियम आधी लिहिलेला असतो. दर खेपेला मोर्चा काढावा लागत नाही. शेतकऱ्याला असा नियम नाही. २०१८ साली भाव पडले तेव्हाही आरडाओरड झाल्यावरच क्विंटलला २०० रुपये निघाले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: अनुदान द्यायचेच तर ते पेरणीपूर्वी जाहीर करा. भाव किती खाली गेला म्हणजे किती रक्कम व किती दिवसांत मिळेल, हे आधी ठरवा. कसणाऱ्याचे नाव त्यात येऊ द्या. भाव पडल्यावर, चालून पाय सोलल्यावर जे मिळते त्याला आम्ही संघटनेत हक्क म्हणत नाही. त्याला तडजोड म्हणतात, आणि तडजोडीची मुदत नेहमीच संपते.