शके ७८२ की ९८२?

अंबरनाथच्या शिवमंदिराचं वय एका आकड्यावर अडलं होतं. वालधुनी नदीच्या काठच्या या देवळात, उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईवर, एक छोटा शिलालेख कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्यातला शक ७८२ असा लावला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक ९८२ असल्याचं दाखवलं. म्हणजे १०६०. बदलला फक्त शतकाचा आकडा, आणि अख्खं देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं!

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले. जुनागढहून मुंबईत आलेल्या या तरुणाने भाऊ दाजींसाठी ठिकठिकाणी हिंडून लेखांच्या नकला आणि ठसे गोळा केले होते. गुरूचं वाचन शिष्याने दुरुस्त केलं, आणि त्यामुळे दोघांच्याही कामाची किंमत वाढली. एकदा ७८२ वाचलं की त्याच माणसाला पुढच्या वेळीही ७८२च दिसतं. म्हणून मुद्रितशोधनालाही दुसरी नजर लागते.

ही दुसरी नजर नुसती अक्षरं पाहत नाही, मजकुराचा मेळ बसतो का तेही पाहते. लेखातला राजा माम्वाणि, म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार मुम्मुणी. त्याचा थोरला भाऊ छित्तराज. या छित्तराजाचा भांडुपला सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा आहे, म्हणजे १०२६ चा. थोरल्याचा ताम्रपट ९४८ चा असताना धाकट्याचा लेख ७८२ चा कसा असेल? हा ताळा आज कुणालाही घरबसल्या करता येतो.

फोनमधला शुद्धलेखन तपासनीस मात्र तो करत नाही. त्याच्या लेखी ७८२ हा आकडा निर्दोष आहे. ‘वर्धापन दीन’ असं टाइप केलं तरी तो गप्प बसतो, कारण ‘दीन’ हाही शब्दकोशातला शब्द. बिचाऱ्या संस्थेचा वाढदिवस केविलवाणा होतो, आणि ते निमंत्रण तसंच शंभर गटांत फिरतं. एका वेलांटीची ही ताकद पाहून मी दर वेळी थक्क होतो.

शेजारच्या बदलापूरचंच बघा. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले, त्यांनुसार गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ. पण गावात शिरलात की ‘बदलापुरात’, ऱ्हस्व! विभक्तीचा प्रत्यय लागला की उपान्त्य ऊकार आखडतो. तसंच ‘पीक’चं ‘पिकाला’ होतं. संगणकाला हे नातं आपोआप कळत नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व उकार आणि दीर्घ ऊकार ही शेजारशेजारची, पण स्वतंत्र चिन्हं आहेत. एखाद्या यादीत ‘बदलापुर’ असं नोंदलेलं नाव तुम्ही ‘बदलापूर’ लिहून शोधलंत, तर साध्या शोधात ते हाती लागत नाही. नाव तिथेच असतं, सापडत मात्र नाही.

तेव्हा अंबरनाथच्या देवळाबद्दलचा मजकूर आला, तर पुढे धाडण्याआधी एक बेरीज जरूर करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीसाठी ७९). ९८२ अधिक ७८, बरोबर १०६०. कुणी ‘शके १०६०’ लिहिलं असेल, तर त्याने इसवी सनालाच शक म्हटलंय. त्या हिशेबाने देऊळ ११३८ चं ठरेल, मुम्मुणीच्या कारकिर्दीनंतर कितीतरी वर्षांनी बांधलेलं.