उतारा नसलेलं घर

ताकाशी शिमिझू हा दिग्दर्शक एकाच घराची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आला. १९९८ साली जपानी टीव्हीवरच्या एका भयकथामालेसाठी त्याने जेमतेम तीन-तीन मिनिटांचे दोन लघुपट केले. त्यांतून २००० मध्ये व्हिडिओसाठीचा ‘जु-ऑन’ आला, २००२ मध्ये त्याच नावाने थिएटरसाठीचा. २००४ मध्ये सॅम रायमीच्या निर्मितिसंस्थेने हॉलिवुडसाठी ‘द ग्रज’ करायचं ठरवलं, तेव्हा दिग्दर्शनही त्यालाच दिलं. सुमारे एक कोटी डॉलरमध्ये झालेल्या, किशोरवयीन प्रेक्षकांनाही पाहता येईल अशा बेताने बनवलेल्या या रिमेककडून फारशी अपेक्षा ठेवावी असं वरवर काही नव्हतं. तरी त्याने जगभरात अठरा कोटी डॉलरहून अधिक कमावले, आणि मुख्य म्हणजे तो खरोखर घाबरवतो. माझ्या मते याचं कारण एकच: रिमेक करताना भाषा बदलली, नट बदलले, पण घर हलवलं नाही.

त्या काळात हॉलिवुडची रीत वेगळी होती. ‘रिंगु’चा ‘द रिंग’ झाला तेव्हा कथा अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर गेली. ‘डार्क वॉटर’ न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर गेला. ‘द ग्रज’ मात्र टोकियोतच राहिला आणि अमेरिकन माणसंच तिथे राहायला आली. जेनिफर ही तरुण बाई सुपरमार्केटमध्ये एका डब्याच्या झाकणाला भोक पाडून वास घेते, कारण त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. प्रसंग साधा आहे, भुताचा त्याच्याशी संबंध नाही. पण सभोवतालच्या खुणा वाचता न येणं ही त्या घरात शिरलेल्या प्रत्येकाची अवस्था असते, आणि दिग्दर्शक ती आधी किराणामालाच्या फळीपाशी दाखवतो.

जपानी भूतपरंपरेत सूडाने पेटलेल्या स्त्रीला मोठा मान आहे. १८२५ साली रंगमंचावर आलेल्या ‘योत्सुया काइदान’ या काबुकी नाटकातली ओइवा नवऱ्याच्या विश्वासघाताचा हिशेब चुकता करते. ‘द ग्रज’मधल्या भुताचे, कायाकोचे, मोकळे केस आणि पांढरा पोशाख त्याच कुळातले. फरक असा, की ओइवाचा राग कुणावर आहे हे ठरलेलं आहे. नवऱ्याने मान मोडून मारलेली कायाको मात्र उंबरा ओलांडणाऱ्या कुणालाही सोडत नाही. आपल्याकडच्या भुताचं काही मागणं असतं, नारळ-लिंबू उतरवून टाकलं की ते वाट सोडतं. इथे मागणंच नाही, मग उतारा कशाचा? ‘द रिंग’ची नायिका निदान शोध घेऊन एक पळवाट तरी मिळवते. ‘द ग्रज’ची नायिका कॅरन हिला इथे सगळी हकिकत कळते, आणि कळूनही काही उपयोग होत नाही.

ही निरुपायता शिमिझू जागेच्या हिशेबाने रचतो. जेनिफरची नणंद सुझन लिफ्टने वर जात असते. लिफ्टच्या दाराला काच आहे, आणि प्रत्येक मजल्यावर त्या काचेपलीकडे कायाकोचा तोच पांढराफटक मुलगा उभा असतो. तिचं लक्ष नाही, आपलं आहे. मग ती घरात शिरते, दार लावते, पांघरुणात शिरते. आणि पांघरूण आतून फुगू लागतं. लहानपणी ‘डोक्यावरून पांघरूण घे, भूत दिसणार नाही’ हा जो शेवटचा आसरा असतो, नेमका तोच काढून घेतला जातो. त्यासाठी रक्ताचा एक थेंबही लागत नाही.

समीक्षक रॉजर एबर्ट यांनी या चित्रपटाला एकच तारा दिला. धागे कुठे जुळतात तेच कळत नाही, ही त्यांची तक्रार. काळाची उलथापालथ गोंधळात टाकते हे खरं. पण कॅरनला त्या घरात काही वर्षांपूर्वी येऊन गेलेला अमेरिकन प्राध्यापक पीटर चालता-बोलता दिसतो, तेव्हा त्या तुटक मांडणीचा अर्थ लागतो: या घरात घडलेलं काहीच संपत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पूर्वेकडचा देश म्हणजे गूढ आणि शापित, ही जुनी पाश्चात्त्य नजर इथे नाही का? थोडी आहे. कायाकोचं मन याच अमेरिकन प्राध्यापकात गुंतवल्याने तिचं दुःख लहान झालं, हे मला खटकतं. पण हाच शाप मूळ चित्रपटात जपानी कुटुंबांनाही गिळतो, आणि त्याचं मूळ पूर्वेच्या गूढतेत नाही, एका नवऱ्याच्या संशयात आणि मारहाणीत आहे. असं घर कुठल्याही देशात असू शकतं.

मग ते पेनसिल्व्हेनियात का नको? २०२० मध्ये निकोलस पेशे यांनी शाप तिथे नेऊन पाहिला, आणि सिनेमास्कोरच्या पाहणीत प्रेक्षकांनी त्या चित्रपटाला सर्वांत खालची ‘एफ’ श्रेणी दिली. अपयशाला कारणं अनेक असतील. त्यातलं एक मला स्पष्ट दिसतं. टोकियोतल्या त्या घरात भिंतीतलं गाद्या ठेवायचं कपाट, त्याच्या छतातून माळ्यावर जाणारी फट, अरुंद जिना: कायाकोचं प्रेत लपलं ते या रचनेत, आणि ती सरपटत उतरते तीही याच जिन्यावरून. २००४ च्या चित्रपटात तपास अधिकारी नाकागावा हे घर पेटवायला पेट्रोल घेऊन येतो आणि तिथेच मरतो. शेवटी कॅरन आग लावते. घर वाचतं. इस्पितळात ती प्रियकराच्या प्रेतापाशी उभी राहते, तेव्हा कायाको तिच्या पाठीशी असते.