कर्णधाराचा कान

आम्ही मराठवाड्याची माणसे. होडी म्हणजे पैठणच्या नाथसागरात लांबवर दिसणारा ठिपका, एवढाच आमचा नौकानयनाशी संबंध! तेव्हा मुंबईच्या मेव्हण्यांनी यंदा आपल्या शिडाच्या होडीतून मांडव्याला नेण्याचा बेत कळवला, तेव्हा सौ. हरखल्या आणि अस्मादिकांच्या पोटात गोळा आला.

गेटवेसमोर नांगरलेल्या त्या होडीत सुकाणूपाशी एक पडदा होता. त्यावर समुद्राचा नकाशा, पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि कोपऱ्यात चक्क चालू गाण्याचे नाव! गाण्याचे यंत्र खाली केबिनमध्ये, खाऱ्या हवेपासून जपलेले. सुकाणू न सोडता पडद्यावर बोट टेकवायचे, की गाणे बदलते. वरचा आवाज वेगळा, केबिनमधला वेगळा.

मला वाटले, गाणे त्या पडद्यातूनच येते. मेव्हण्यांनी समजावले. होडीभर एकच तार फिरवलेली असते. तिच्या पद्धतीला 'एनएमईए २०००' म्हणतात. बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी जी पद्धत जगापुढे आणली, तिच्यावरच ही बेतलेली. खोली मोजणारे, वारा मोजणारे, इंजिन, सगळे त्या एकाच तारेवर बोलतात. तिची ऐपत सेकंदाला अडीच लाख बिटांची, म्हणजे गृहस्थी बेताचीच! म्हणून तिच्यावरून गाणे धावत नाही. धावते ती 'पुढचे लाव', 'आवाज कमी कर' एवढी आज्ञा. गाणे आपल्या निराळ्या तारांनी कर्ण्यांकडे जाते. अशी यंत्रे करणारी फ्यूजन ही न्यूझीलंडची कंपनी. २०१४ साली नकाशेवाल्या गार्मिननेच ती विकत घेतली. गाणे आणि नकाशा एका घरात नांदू लागले ते काही उगीच नव्हे.

शिवाय तीच आज्ञा बिनतारी वाटेने खिशातल्या फोनवरूनही देता येते. मेव्हण्यांनी मोठ्या विश्वासाने ती सोय माझ्या फोनवर करून दिली.

'कर्णधार' शब्द शिकवताना मी वर्गात नेहमी सांगतो, की संस्कृतात 'कर्ण' म्हणजे कान, तसेच सुकाणूसुद्धा. परतीच्या वाटेवर दोन्ही अर्थ एकदमच अंगावर आले.

मी केबिनमध्ये नाट्यसंगीत लावून बसलो होतो. आवाज मधेच मंदावला. मी वाढवला. पुन्हा मंदावला, यंत्राची खोड समजून मी पुन्हा वाढवला, आणि चुकून वरचाही. इतक्यात होडी एवढ्या जोरात वळली, की चिवड्याचा डबा सौ.च्या मांडीवर पालथा!

वर धावलो. हाताच्या अंतरावरून जाळ्याचे तरंगते डबे मागे जात होते. व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकावर, म्हणजे समुद्रात हाकेसाठी आणि संकटासाठी राखलेल्या वाहिनीवर, कोणी तांडेल जाळ्याविषयी ओरडून सांगत होता. ते ऐकू यावे म्हणून मेव्हणे पडद्यावरून आवाज बंद करीत होते आणि मी खालून तान वाढवीत होतो! जाळे पंख्यात गुंतले असते, तर त्या कोळ्याचे जाळे गेले असते आणि इंजिनही बंद पडले असते.

मेव्हणे रागावले नाहीत. फक्त हात पुढे करून म्हणाले, "दाजी, फोन द्या जरा."

फोन चिवड्याच्या रिकाम्या डब्यात गेला. गेटवे येईपर्यंत मी नाळेवर बसून तरंगणारे डबे मोजले. सतरा भरले.