ऑफिसचा पॅड, ट्रॅकचा पॅड

गाडी तीच, रविवारी ट्रॅक, सोमवारी ऑफिस. बिचाऱ्या ब्रेक पॅडने दोन्हीकडे पुरं पडायचं कसं?

ब्रेक वेगाची उष्णता करतो. वेग तिप्पट झाला की जिरवायची ऊर्जा नऊपट होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यानंतर करकचून ब्रेक लावावा लागतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. डिस्कला उसंत नाही. रोजचा पॅड अशा वेळी फार तापला, की त्याला बांधून ठेवणारी राळ जळू लागते, उग्र वास सुटतो आणि पेडल घट्ट लागूनही गाडी रेटा सोडत नाही. पेडलच खाली जात असेल, तर मात्र पॅडला बोल लावू नका. ब्रेक ऑइल उकळलंय. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पण ओलावा शोषला की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातले दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊच नये.

मग सरळ रेसिंग पॅडच बसवावा? तो गार असताना नीट पकडत नाही, किंचाळतो, डिस्क खातो. सिग्नलपाशी अचानक पोर आडवं आलं, तर पॅड तापायची वाट कोण बघणार?

वर्षातून एखाददुसरी ट्रॅकवारी असेल, तर जास्त उष्णता सोसणारा रस्त्याचा पॅड आणि ताजं ऑइल पुरे. वारंवार जाणाऱ्याने दोन जोड ठेवावेत आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलावेत. जॅक, पाना आणि तासभर वेळ, एवढंच लागतं.