कान खरा की काटा?

बोर्डी-घोलवडच्या बागेत चिकू उतरवण्याजोगा झाला की नाही, हे ठरवताना सालीवर नखाने हलका ओरखडा काढतात. आत हिरवी रेघ दिसली तर फळ कच्चे. त्याच फळाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स अंशांतही मोजता येते. अनुभव आणि उपकरण येथे एकमेकांना पूरक ठरतात. ध्वनियंत्रांच्या परीक्षणात मात्र या दोहोंत दीर्घकाळ वाद चालत आला आहे.

मोजमापवादी आलेख पुढे करतात. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. स्पीकर ते सारख्याच जोराने पोहोचवतो का, मूळ ध्वनीत किती विकृती मिसळतो, हे यंत्र सांगते. श्रवणवादी म्हणतात, अखेर ऐकायचे आहे ते कानांनी.

परंतु कानाला डोळ्यांची साथ असते. किंमत आणि नाममुद्रा दिसली की मत बदलते. किंचित मोठा आवाजही अधिक चांगला भासतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची मते घेतली. तेव्हा बहुतेकांची पसंती सपाट व सुरळीत आलेख देणाऱ्या स्पीकरनाच मिळाली. म्हणजे नाव झाकले, की कान आणि काटा बऱ्याच अंशी एकच निकाल देतात.

मग मोजमाप कोठे अपुरे पडते? याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा प्रयत्न केला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचा त्यांना आधार होता. त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमही तयार झाले; १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत त्यावरून वाद रंगला. पुढे १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रणे मोजली, तेव्हा एकाच रागातील गंधाराचे स्थानही कलावंतागणिक बदलत असल्याचे दिसले.

दोष मोजपट्टीचा नव्हता. गायक स्वर निर्माण करतो. तेथे सूक्ष्म फरक हीच कला असते. ॲम्प्लिफायरचे काम मात्र निरोप्याचे आहे. मिळालेला ध्वनी त्याने पदरचे काही न घालता पोहोचवावा. आणि ही प्रामाणिकता मोजता येते. त्या संगीताने मन भरते का, हे आलेख सांगू शकत नाही.

ग्राहकाने म्हणूनच आधी मोजमापे पाहावीत. नंतर ओळखीचे ध्वनिमुद्रण, दोन्ही यंत्रांचा आवाज समान ठेवून आणि शक्य तर नाव झाकून ऐकावे. खर्जाचा आवाज खोलीच्या आकारानुसार पुष्कळ बदलतो. तेव्हा स्पीकरची अखेरची परीक्षा दुकानात नव्हे, घरातच होते. इतके करूनही फरक ऐकू आला नाही, तर जादा पैसे कशासाठी मोजायचे, हा प्रश्न विक्रेत्याला निःसंकोच विचारावा.