‘स्वीकारा’ दाबण्यापूर्वीच काय घडते? कुकी, संमती आणि नवा डेटा कायदा

नवी दिल्ली : संकेतस्थळ उघडताच पडद्याच्या तळाशी एक पट्टी येते. ‘आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही कुकी वापरतो’ असे एक वाक्य आणि शेजारी ‘स्वीकारा’ हे ठळक बटण. बहुतेक जण मजकूर न वाचता ते दाबून पुढे जातात. युरोपातील कायद्यांमुळे रूढ झालेली ही पट्टी अनेक भारतीय संकेतस्थळांनी जशीच्या तशी उचलली. आजवर तिचे स्वरूप बरेचसे उपचारापुरतेच होते. मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती आणि सूचनेच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंमलात येणार आहेत. त्या दिवसापासून बँक, रुग्णालय, शिकवणी वर्ग किंवा साडीविक्रीचे छोटे दुकान अशा कोणाच्याही संकेतस्थळाला केवळ पट्टी दाखवून भागणार नाही. वापरकर्त्याने होकार देण्यापूर्वी आणि नकार दिल्यानंतर त्याच्या माहितीचे प्रत्यक्षात काय होते, हा खरा प्रश्न असेल.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंता लू मॉन्टुली यांनी ही युक्ती शोधली. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे वेबला स्वतःहून ओळखता येत नसे. त्यामुळे ऑनलाइन खरेदीची टोपली लक्षात ठेवणे अवघड होते. कुकीने ती अडचण सोडवली, आणि आजही लॉगिन टिकून राहते ते तिच्यामुळेच. वाद आहे तो तिऱ्हाइताच्या कुकींचा. आपण वाचतो ते पान एकाचे असते; पण त्यात जाहिरात कंपनीचा, समाजमाध्यमाचा किंवा वाचकसंख्या मोजणाऱ्या सेवेचा कोडचा तुकडा बसवलेला असतो. असाच तुकडा हजारो संकेतस्थळांवर असेल, तर एकाच ओळखक्रमांकाच्या आधारे माणसाचा वेबवरील सारा माग जोडता येतो.

हा माग किती नाजूक जागी पोहोचू शकतो, हे अमेरिकेतील एका प्रकरणात दिसले. औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, गुगल आदी कंपन्यांना पुरवल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठेवला आणि कंपनीने पंधरा लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. ही माहिती बाहेर नेणाऱ्या साधनांत ‘पिक्सेल’ म्हणून ओळखले जाणारे, पानात दडवलेले अदृश्य कोड होते. हेच आपल्याकडेही घडू शकते. एखाद्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर वंध्यत्व किंवा मनोविकार उपचारांचे पान असेल आणि त्यात जाहिरातीचा पिक्सेल असेल, तर त्या पानाचा पत्ता जाहिरात कंपनीकडे जातो. रुग्णाने एक अक्षरही भरलेले नसते.

भारतीय कायद्याच्या मजकुरात ‘कुकी’ हा शब्द एकदाही येत नाही. म्हणून तो कुकींना लागू नाही, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो टिकणारा नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी कायद्याची व्याख्या आहे. लॉगिन केलेल्या ग्राहकाच्या खात्याशी जोडलेला कुकीतील क्रमांक त्या व्याख्येत सहज बसतो. युरोपचा २००२ चा ई-प्रायव्हसी निर्देश वापरकर्त्याच्या उपकरणात काय साठवले जाते याकडे पाहतो, तर आपला कायदा थेट माहितीकडे पाहतो. त्यामुळे कुकी टाळून सर्व्हरमार्फत किंवा उपकरणाच्या खाणाखुणांवरून माग काढला, तरी जबाबदारी टळत नाही.

कायद्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी आणि ती स्पष्ट होकारात्मक कृतीतून दिलेली हवी. ‘संकेतस्थळ वापरत राहिल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल’ हे वाक्य या कसोटीवर पहिल्याच पायरीला अडखळते. आधीच खूण केलेल्या चौकटींचेही तेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘प्लॅनेट-४९’ खटल्यात १ ऑक्टोबर २०१९ रोजी अशा चौकटी म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट केले होते. आपल्या कलमाची शब्दरचना पाहता इथे वेगळा अर्थ निघण्यास फारसा वाव दिसत नाही.

युरोपची पट्टी जशीच्या तशी उचलण्यात आणखी एक सापळा आहे. तिकडच्या अनेक पट्ट्यांत ‘वैध हितसंबंध’ या नावाखाली काही कळा आधीच चालू असतात. व्यवसायाचे रास्त हित दाखवून संमतीविना माहिती वापरण्याची मुभा तेथील कायदा काही अटींवर देतो. भारतीय कायद्यात असा सर्वसाधारण आधार नाही. संमती, किंवा कलम ७ मधील मोजके वैध उपयोग, एवढेच मार्ग आहेत. अत्यावश्यक कुकींना युरोपात जशी नेमकी सूट आहे तशी आपल्याकडे शब्दांत लिहिलेली नाही. ग्राहकाने एखाद्या कामासाठी स्वतःहून दिलेली माहिती त्याच कामापुरती वापरता येते, ही कलम ७ मधील तरतूद लॉगिन किंवा खरेदीच्या टोपलीला पुरेशी ठरावी. जाहिरातीला ती पुरणार नाही.

तांत्रिक अंगाने सर्वाधिक चूक होते ती क्रमाची. पट्टी पडद्यावर येते, पण तिच्यामागे मोजणीचे आणि जाहिरातीचे कोड आधीच चालू झालेले असतात. वापरकर्ता ‘नाकारा’ दाबतो तेव्हा पट्टी नाहीशी होते, कोड मात्र तसेच राहतात. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये गुगलला दहा कोटी आणि ॲमेझॉनला साडेतीन कोटी युरोंचा दंड केला, तो प्रामुख्याने संमतीपूर्वीच जाहिरात कुकी ठेवल्याबद्दल. आपले संकेतस्थळ तपासण्यासाठी कोणा सल्लागाराची गरज नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, पान पूर्ण येऊ द्यावे, काहीही न दाबता डेव्हलपर टूल्समध्ये कुकींची आणि नेटवर्कची यादी पाहावी. नंतर नकार देऊन पान पुन्हा उघडावे आणि यादी पुन्हा पाहावी. पानात बसवलेला व्हिडिओ, नकाशा, समाजमाध्यमाचे ‘लाइक’ बटण यांतून निघालेली नावे अनेकदा मालकालाही अनोळखी असतात. संमती व्यवस्थापनाचे तयार सॉफ्टवेअर घेतले, तरी प्रत्येक कोड त्या सॉफ्टवेअरच्या परवानगीशी जोडण्याचे काम कोणाला तरी हाताने करावे लागते, आणि ते बहुधा राहून जाते.

नकार देणे किती सोपे असावे? दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. होकारासाठी एक बटण आणि माघारीसाठी ई-मेल लिहिण्याची अट, हा प्रकार त्यामुळे चालणार नाही. नकारापर्यंत पोहोचण्यासाठी होकारापेक्षा जास्त बटणे दाबावी लागतात, या कारणावरून सीएनआयएलने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला होता. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून असे तेरा प्रकार नोंदवले. ग्राहकाला हव्या त्या दिशेने वळवण्यासाठी पडद्याची रचना फिरवणे हा त्यांपैकी एक. फिकट अक्षरांतील ‘नाकारा’ त्याचेच उदाहरण ठरू शकते, आणि त्यासाठी मे २०२७ ची वाट पाहण्याचेही कारण नाही.

सूचनेची भाषा हा भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागेल. हा हक्क राज्यावर अवलंबून नाही. बडोद्यातील, इंदूरमधील किंवा तंजावरमधील मराठी वाचकालाही तो मिळतो. नियमांनुसार ही सूचना इतर मजकुरावर न विसंबता स्वतंत्रपणे समजली पाहिजे. कोणती माहिती आणि कोणत्या हेतूने घेतली जाते, हे तिने साध्या शब्दांत, बाबनिहाय सांगायला हवे. त्यामुळे लांबलचक गोपनीयता धोरणाचा दुवा देऊन मोकळे होता येणार नाही. ‘आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी’ या वाक्याने तर काहीच कळत नाही. ‘आपण आमच्याकडे कोणती पाने पाहिली हे जाहिरात कंपनीला कळवले जाईल आणि त्यानुसार आपल्याला इतरत्र जाहिराती दिसतील’ या वाक्याने कळते. ते वाचून काही जण नकार देतील. बहुधा म्हणूनच ते कोणी लिहीत नाही.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शिवाय मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना कलम ९ मनाई करते. शिक्षणसंस्थांना नियमांत दिलेली सवलत शैक्षणिक उपक्रम आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती आहे. दहावी-बारावीच्या शिकवणीचे संकेतस्थळ चालवणाऱ्याने आपल्या पानांवरील जाहिरात पिक्सेल आजच मोजावेत. मुलांविषयीच्या तरतुदींच्या भंगासाठी दोनशे कोटी रुपयांपर्यंत, तर संमतीसारख्या इतर तरतुदींच्या भंगासाठी पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भंगाचे स्वरूप आणि गांभीर्य पाहून भारतीय डेटा संरक्षण मंडळ रक्कम ठरवेल. त्यामुळे छोट्या दुकानदाराने या आकड्यांनी हबकून जाण्याचे कारण नाही.

मात्र छोट्यांना सारे माफ होईल, ही समजूतही चुकीची आहे. नवउद्योगांसह काही संस्थांना सूचनेसारख्या निवडक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार कलम १७ ने केंद्र सरकारला दिला आहे. संमतीचे कलम ६ त्या यादीत नाही. वाद उद्भवला तर सूचना दिली होती आणि संमती कायद्याप्रमाणे घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार संकेतस्थळ चालवणाऱ्यावरच आहे. त्यामुळे कोणी, कधी, कोणत्या भाषेतील कोणता मजकूर पाहून होकार दिला आणि तो केव्हा मागे घेतला, याची नोंद ठेवणे ओघाने आलेच. पट्टीतील एक शब्द बदलला, तरी जुना मजकूर तारखेसह जपून ठेवावा लागेल.